कळकलेलं ताक, न कळकलेलं दूध

आसेगावच्या आमच्या घरात ताकाची जागा ठरलेली होती. मातीचं मडकं, त्यावर लाकडी झाकण आणि घुसळायला लाकडाची रवी. धातूचं काही त्याच्या आसपास फिरकत नसे. एकदा घरच्या लग्नाच्या गडबडीत कोणीतरी उरलेलं ताक पितळी गुंडीत ओतून ठेवलं. दुपारी मी पेला भरून घेतला, तर तोंडापर्यंत जायच्या आत आजीनं तो हातातून काढून घेतला. "नको पिऊ ते. कयकलं." तिनं ते ताक उकिरड्यावर ओतलं. जनावरांपुढेही ठेवलं नाही.

वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. पुस्तकी मराठीत हा शब्द 'कळकलं' असा लिहितात. चिंचेचं सार, कढी किंवा आंबट वरण पितळेत राहिलं की जी तुरट, घशाशी रेंगाळणारी चव येते, कधी भांड्याच्या काठाला हिरवट रेघ धरते, ते कळकणं. या एका घटनेसाठी मराठीनं अख्खं क्रियापद राखून ठेवलं आहे. भांड्यातला किंवा वेष्टनातला अंश अन्नात उतरतो, त्याला आजचे अन्नसुरक्षेचे नियम 'मायग्रेशन' म्हणतात. आजीच्या शब्दाचा अर्थ तोच होता, आणि त्यासाठी तिला प्रयोगशाळा लागत नव्हती. जीभ पुरत असे.

ताक पितळेत कळकतं, हे तिला पक्कं माहीत होतं. दूध कळकत नाही, हेही तितकंच पक्कं माहीत होतं. त्यामुळे ताक मडक्यात आणि दूध पितळेत, अशी वाटणी आमच्याच काय, महाराष्ट्रातल्या लाखो घरांत होती. या वाटणीची किंमत काय पडली आणि ती कोणी मोजली, त्याची ही गोष्ट आहे.

कल्हई

आसेगाव वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात येतं. जिल्हा १९९८ सालचा. त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यातले. आमच्या भागात पातेल्याला गंज म्हणतात. गंज, गुंडी, कोपर, परात, सगळं पितळेचं. विदर्भात पितळेच्या भांड्यांसाठी भंडाऱ्याचं नाव मोठं. लग्नात मुलीला दिलेल्या भांड्यांवर टोचणीनं नाव आणि साल घातलेलं असे, आणि ती भांडी दोन-तीन पिढ्या टिकत.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू, त्यात तांब्याचा वाटा निम्म्याहून जास्त. आंबट पदार्थ लागला की तांबं सुटतं. त्यावरचा उपाय म्हणजे आतून कथलाचा पातळ थर देणं, म्हणजेच कल्हई. कल्हईवाला गावात आला की चौकात खड्डा खणून भट्टी लावत असे, भाता जोडत असे. भांडं तापलं की नवसागराची पूड टाकायची; पांढरा धूर उठायचा आणि धातूवरचा मळ निघून जायचा. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं वितळलेलं कथील झरझर आतून फिरवायचं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे साध्या कोळशाच्या भट्टीवर काम भागतं. काळंपिवळं भांडं क्षणात चांदीसारखं लखलखायचं. आम्ही पोरं तो एक क्षण पाहण्यासाठी तासभर धुरात उभी राहायचो.

हे जुनं तंत्र शहाणपणाचं होतं. आज टिनच्या डब्याला आतून जो थर असतो, त्यामागेही हाच विचार आहे: अन्न आणि धातू यांच्यामध्ये काहीतरी निरुपद्रवी ठेवायचं. पण कल्हई झिजते. राखेनं घासून झिजते, उलथन्यानं खरवडून झिजते. दुधाच्या गंजाची खरवड काढून खाणं हा तर घरातल्या मुलांचा हक्कच. वर्षातून दोनदा तरी पुन्हा कल्हई करायला हवी. हात आखडता असला की आधी कढी-वरणाच्या भांड्यांना व्हायची, कारण ती लगेच कळकत. दुधाचं भांडं थांबू शकत होतं. ते तक्रार करत नव्हतं.

लिव्हर

माझ्या वडिलांच्या आधी आजीला एक मुलगा झाला होता. जगला असता तर मी त्याला मोठेबाबा म्हटलं असतं. घरात त्याच्याविषयी फार बोलणं नसे. पहिलटकरणीचा मुलगा, त्यात घरी दुभती म्हैस. चार महिन्यांचा असल्यापासून त्याला वरचं दूध सुरू केलं होतं. पोरगा धट्टाकट्टा व्हावा म्हणून. दीड वर्षाचा असताना त्याचं पोट वाढू लागलं, हात-पाय काडीसारखे झाले, डोळे पिवळे पडले. दोन वर्षांचा व्हायच्या आत तो गेला. "त्याले लिव्हर झाली होती," एवढंच आजी सांगे.

'लिव्हर होणं' हा शब्दप्रयोग त्या काळात घराघरांत होता. यकृत प्रत्येकाला असतं. पण 'अमक्याच्या पोराला लिव्हर झाली' म्हटलं की ऐकणारी बाई पदर तोंडाला लावत असे. त्यावरची औषधं लांबलांबहून मागवली जात. कोणाची दृष्ट लागली म्हणे, कोणी आईच्या दुधाला दोष दे.

वैद्यकात या आजाराला 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस' असं नाव होतं. त्याचं वर्णन १८८७ साली कलकत्त्यात सेन यांनी केलं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तो गाठत असे, आणि बहुतेक पहिल्या तीन वर्षांत. यकृत मोठं आणि दगडासारखं कडक व्हायचं, पोटात पाणी भरायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुलं दगावायची. मुलींपेक्षा मुलगे जास्त. एकाच घरात एकामागून एक मुलं जायची. आणखी एक कोडं होतं: हा आजार सर्वांत गरीब घरांचा नव्हता. बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेल्या, अनेकदा दुभतं जनावर असलेल्या ग्रामीण घरांत तो जास्त दिसे. कुपोषण म्हणावं तर पोर खात्यापित्या घरातलं. संसर्ग म्हणावं तर शेजारच्या घरी काही नाही. आनुवंशिक दोष, विषाणू, शेंगदाण्याच्या बुरशीतलं विष, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

धागा सापडला तो सूक्ष्मदर्शकाखाली. १९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या एका गटानं या मुलांच्या यकृताच्या तुकड्यांना ऑर्सीन नावाचं रंजक लावलं, तेव्हा पेशींत गडद कण दिसले. हे कण तांब्याशी बांधलेल्या प्रथिनाचे असतात. निरोगी माणसाच्या यकृतात, वाळवून मोजलं तर, ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबं असतं. या मुलांत ते कित्येक शेकड्यांत आणि काहींत हजारांच्या घरात होतं.

एवढं तांबं दोन वर्षांच्या मुलात आलं कुठून? त्याचा माग पुण्यात लागला. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित अशी मुलं तपासत होते. त्यांच्यासोबत इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर काम करू लागले. त्यांनी विचारलेले प्रश्न आजीला सहज समजले असते. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? गाईचं की म्हशीचं? तापवलं कशात? ठेवलं कशात? किती वेळ? आजारी मुलांच्या आयांची उत्तरं एका दिशेला जात होती: वरचं दूध लवकर सुरू झालं होतं, आणि ते बिनकल्हईच्या पितळी भांड्यात तापत आणि राहत होतं. १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी हे मांडलं. १९८७ साली आजारी आणि निरोगी मुलांच्या आहाराची जोड्या लावून केलेली तुलना प्रसिद्ध झाली, आणि तिनंही हाच रोख दाखवला.

पण दूध तर आंबट नाही. मग तांबं उतरतं कसं? १९८९ साली टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं पितळ आणि गाईचं दूध एकत्र ठेवून तेही तपासलं. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरतं. भांड्यातून सुटलेलं तांबं केसीनला चिकटून बसतं, त्यामुळे आणखी सुटायला वाव राहतो. दूध हिरवं पडत नाही आणि चवही बदलल्याचं जाणवत नाही. मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. काही महिन्यांच्या बाळाला ते नीट जमत नाही. त्यात त्याचं सगळं पोट दुधावर. कढी आपण आठवड्यातून एकदा भुरकतो. बाळ तोच एक पदार्थ दिवसातून सहा वेळा पितं. मुलगे जास्त का दगावत, याचंही एक उत्तर यातून सुचतं. वरचं दूध आधी आणि जास्त कोणाच्या वाट्याला यायचं, हे आपल्या घरांत वेगळं सांगायला नको.

आजीची जीभ ताकाबद्दल बरोबर होती. दुधाबद्दल ती गप्प राहिली, आणि आजीनं त्या गप्प राहण्याचा अर्थ 'निर्धोक' असा घेतला. कोणीही घेतला असता.

टायरोल

सगळ्यांना हे पटलं असं नाही. काही ज्येष्ठ विकृतिशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं, की यकृत बिघडल्यामुळे तांबं साचतं. तांब्यामुळे यकृत बिघडतं हे सिद्ध झालेलं नाही. पितळ तर घरोघर होतं, मग सगळीच मुलं का आजारी पडली नाहीत, हा प्रश्नही रास्त होता.

त्या प्रश्नाला एक अनपेक्षित जोड मिळाली ती ऑस्ट्रियातून. आल्प्स पर्वतातल्या टायरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलं अगदी अशाच आजारानं गेल्याच्या नोंदी सापडल्या. १९९६ साली तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. तिथे गाईचं दूध पाणी आणि साखर घालून तांब्याच्या भांड्यात उकळायची रीत होती. आजार ठरावीक घराण्यांत फिरत होता. संशोधकांनी निष्कर्ष काढला, की काही मुलांत तांबं न झेपण्याची जन्मजात प्रवृत्ती असावी. भांडं तिला चेतवतं. भांडी बदलली तसा तो आजारही नाहीसा झाला. वऱ्हाडातल्या गंजाला आणि टायरोलच्या हंड्याला एकमेकांची गंधवार्ता नव्हती, तरी दोन्हीकडे पाळण्याशेजारी तेच घडत होतं.

नियम काय म्हणत होता

आता कायद्याकडे येऊ. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १ जून १९५५ पासून लागू झाला. त्याखालच्या नियमांत भांड्यांवर एक कलम होतं. गंजलेली भांडी, टवके उडून गंजलेली एनॅमलची भांडी, नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी आणि ठरलेल्या मानकात न बसणारी ॲल्युमिनियमची भांडी अन्नासाठी वापरली, तर ते अन्न खाण्यास अयोग्य मानलं जाईल. हीच यादी जवळजवळ शब्दशः २०११ च्या वेष्टन आणि लेबलांच्या नियमांत उतरली.

म्हणजे बिनकल्हईचं पितळ अन्नाला चालत नाही, हे सरकारला ठाऊक होतं आणि कागदावरही होतं. पण हा नियम होता विक्रीच्या अन्नासाठी. निरीक्षक हॉटेलाच्या कढईत डोकावू शकत होता, मिठाईवाल्याला दंड करू शकत होता. माजघरात म्हशीचं दूध तापवणाऱ्या सुनेपर्यंत हे वाक्य पोचण्याची कोणतीही वाट नव्हती. तिला ते सांगायला कोणी आलं नाही, आणि कायद्याच्या दृष्टीनं ते कोणाचं कामही नव्हतं. बाजारातला पेढा कायद्याच्या संरक्षणात होता. बाळाची वाटी नव्हती.

पुण्याच्या डॉक्टरांनी मात्र ते काम आपलं मानलं. ज्या घरांत हा आजार झाला होता तिथे त्यांनी भांडी बदलायला सांगितली आणि पुढच्या भावंडांवर लक्ष ठेवलं. १९९२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सल्ला पाळला तिथे पाठची मुलं या आजारातून वाचली.

पण साऱ्या राज्यातून हा आजार हटवायला डॉक्टर पुरणार नव्हते. ते काम बव्हंशी केलं बोहारणीनं. आमच्याकडे तिला भांडेवाली म्हणत. जुन्या साड्यांवर स्टीलचा डबा, फाटक्या धोतरावर स्टीलची वाटी. आधी 'जर्मन'ची म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी आली, मग स्टेनलेस स्टील. पितळ मोडीत गेलं. घासायला सोपं, कल्हईचा खर्च नाही, काचेसारखं चकचकीत, ही त्यामागची कारणं. मुलांचं यकृत वाचावं म्हणून कोणी भांडी बदलली नाहीत. तरी नव्वदच्या दशकापर्यंत हा आजार इतका विरळ झाला, की नवीन डॉक्टरांना तो पुस्तकातच भेटू लागला. डोक्यावर टोपली घेऊन दारोदार ओरडत फिरणाऱ्या त्या बायकांना आपण काय केलं हे कधी कळलं नाही.

पन्नी आणि पेपर

स्टीलच्या मागोमाग पन्नी आली. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीला वऱ्हाडात पन्नी म्हणतात. आधी त्यात भाजी आली, मग दूध, मग गरम रस्सा आणि आता उकळता चहा. टपरीवरून ऑफिसात चहा न्यायचा तर पन्नीत, वर गाठ मारून. भजी आणि कचोरी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर. आधी पळसाच्या पानांचे द्रोण होते. त्यांची जागा छापील शाईनं घेतली.

कायदा इथेही झोपलेला नव्हता. १९९९ सालीच केंद्राच्या नियमांनी पुनर्वापर केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत खाद्यपदार्थ देण्यास मनाई केली होती. अशा प्लॅस्टिकचं मागचं आयुष्य काय, त्यात आधी रंग होता की रॉकेल, हे सांगता येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं वर्तमानपत्रात अन्न बांधू नका असं बजावलं. २०१८ च्या वेष्टन नियमांनी, जे १ जुलै २०१९ पासून लागू आहेत, ती बंदी पक्की केली. त्याच नियमांत प्लॅस्टिकमधून अन्नात काय आणि किती उतरू शकतं याची मर्यादा आहे: एकूण ६० मिलिग्रॅम प्रतिकिलो, किंवा दर चौरस डेसिमीटर पृष्ठभागामागे १० मिलिग्रॅम. रंग तर डोळ्यांना दिसेल इतकाही उतरता कामा नये. काही धातूंना वेगळ्या मर्यादा आहेत. तांब्यालाही आहे: किलोमागे ५ मिलिग्रॅम.

ही चाचणी कशी करतात ते वाचलं आणि मला आजी आठवली. प्रत्येक पदार्थ घेऊन प्रयोग करणं शक्य नाही, म्हणून त्यांचे प्रतिनिधी घेतात. पाणीदार पदार्थासाठी शुद्ध पाणी. आंबटासाठी तीन टक्के ॲसिटिक आम्ल, म्हणजे जवळपास पातळ व्हिनेगर. तेलकटासाठी हेप्टेन नावाचं द्रावक. मग पदार्थ किती गरम आणि किती काळ राहणार यानुसार तापमान आणि वेळ ठरते. बरेच दिवस साठवायच्या मालाला ४० अंशांवर १० दिवस. या चाचणीत 'प्लॅस्टिक चांगलं की वाईट' असा प्रश्नच नाही. प्रश्न असा, की कशात काय ठेवलं, किती गरम आणि किती वेळ. थंड पाण्याला चालणारी पिशवी उकळत्या चहाला चालेलच असं नाही. कोरड्या डाळीला चालणारा कागद तळलेल्या भज्याला चालत नाही, कारण तेल शाईला ओढून घेतं. ताकाला मडकं आणि वरणाला कल्हईचं भांडं ठरवणारी आजी हाच हिशेब करत होती. फक्त तिच्या हिशेबाचं उपकरण जीभ होतं, आणि दुधापाशी ते फसलं. पन्नी आणि शाई यांच्यापाशी ते जवळजवळ नेहमीच फसतं. पन्नीतला चहा कळकत नाही.

आपण प्लॅस्टिकला घाबरायला शिकलो, पण वेगळ्या कारणानं. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईच्या तुंबलेल्या गटारांनी राज्याला पन्नीकडे पाहायला लावलं. त्यानंतरची जाडीची अट आणि मार्च २०१८ ची राज्याची प्लॅस्टिकबंदी ही मुख्यतः गटार, नदी आणि गाईच्या पोटासाठी होती. ती कारणं खोटी नाहीत. पण त्यामुळे असं झालं, की जाड पिशवी हाती आली की दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही निर्धास्त होतात, आणि तिच्यात काय ओततो आहोत हे कोणी विचारत नाही. बंदीनंतर आलेल्या कागदी कपालाही आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी त्यात गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं, तर १०० मिलिलिटरमध्ये प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण मिळाले. पंधरा मिनिटं, म्हणजे मीटिंगमध्ये विसरलेला चहा.

पुन्हा पितळ

गेल्या दिवाळीत भाचीचा फोन आला. तिची मुलगी नुकतीच वर्षाची झाली आहे. भाचीनं ऑनलाइन एक भांडं मागवलं होतं आणि त्याचा फोटो मला आधीच पाठवला होता. छोटा, देखणा, हातानं ठोकलेला पितळी गंज. "मामा, अगदी पणजीच्या गंजासारखा आहे ना? प्लॅस्टिक नको, नॉनस्टिक नको, म्हणून हिच्या दुधाला खास घेतला. जुनं तेच चांगलं."

फोटोत आतली बाजू बाहेरच्यासारखीच सोनेरी दिसत होती. कल्हईचा पत्ता नव्हता. मी तिला मोठ्याबाबांची गोष्ट सांगितली. तिनं ती पहिल्यांदाच ऐकली. तो मुलगा कशानं गेला याचा कागद आमच्या घरात नाही, तपास कधी झालाच नाही, हेही मी सांगितलं. मग पुण्याचं सांगितलं, टायरोलचं सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही.

"पण मामा," ती शेवटी म्हणाली, "यावर तर लिहिलंय, शंभर टक्के शुद्ध पितळ."

"तीच तर अडचण आहे."

"मग दूध कशात तापवू?"

"स्टीलच्या गंजात," मी म्हटलं. "आणि याला आधी कल्हईवाला शोध."